गाजर, बियापासून केकपर्यंत: कुठल्या टप्प्यावर काय बिघडतं आणि ते कसं टाळायचं

गाजराबद्दल दोन तक्रारी सतत कानावर येतात. एक कुंडीची: बी पेरलं पण उगवलंच नाही, किंवा उगवलं आणि शेवटी गाजराऐवजी चार पायांचं काहीतरी निघालं. दुसरी ओव्हनची: केक वरून झकास दिसला, कापला तर मधोमध ओला गोळा. तक्रारी दोन असल्या तरी कारण बहुतेक वेळा एकच असतं, आणि ते म्हणजे पाणी. कुंडीत ते नको त्या वेळी सुकतं आणि केकमध्ये नको तितकं सुटतं. म्हणून खालच्या प्रत्येक टप्प्यात पाणी कुठे आहे, किती आहे, याकडे आधी लक्ष द्या. टप्प्यांचा क्रमही बदलू नका. गाजर मधल्या टप्प्यात सुधारता येत नाही.

टप्पा १: आधी हिशोब, मग बी

२० सेंमी व्यासाच्या एका गोल केकला २२५ ग्रॅम किस लागतो. सोलून, डोकं आणि शेपूट काढून एवढा किस हवा असेल तर पावणेतीनशे ते तीनशे ग्रॅम गाजरं धरा. कुंडीतलं गाजर शेतातल्यापेक्षा लहान राहतं, ४० ते ५० ग्रॅमचं. म्हणजे एका केकला सहा-सात गाजरं झाली. ३० सेंमी व्यासाच्या कुंडीत पाच-पाच सेंमी अंतराने १५ ते १८ गाजरं मावतात, म्हणजे एका कुंडीत दोन केक.

पेरणीपासून काढणीपर्यंत प्रकारानुसार ७० ते १०० दिवस जातात. वाढदिवसासाठी केक करायचा असेल तर त्या तारखेपासून उलटे शंभर दिवस मोजा आणि वर दोन आठवडे जादा ठेवा. गाजर कुंडीत पंधरा दिवस थांबू शकतं, पाहुणे थांबत नाहीत.

तापमानाचा विचारही आत्ताच करायचा. बी रुजायला मातीचं तापमान १० ते २५ अंश सेल्सिअस चांगलं. ५ अंशांच्या खाली बी नुसतं पडून राहतं, ३० च्या वर उगवण झपाट्याने घटते. मुळाला रंग आणि गोडी चढते ती साधारण १६ ते २१ अंशांत. त्यामुळे सुरुवातीला हवा थोडी उबदार असली तर चालते, पण मुळं भरताना ती थंडावत जायला हवी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात: थंडी संपत आली की बी आणतात, मग ऐन भरणीच्या वेळी ऊन तापतं आणि गाजर आखूड, फिकट, तुरट निघतं.

ऊन दिवसाला किमान सहा तास हवं. त्याहून कमी उन्हात पाला येईल, गाजर येणार नाही.

टप्पा २: भांडं आणि माती

भांड्याची रुंदी कमी-जास्त चालते, खोली चालत नाही. नँटीस प्रकारचं गाजर १५ ते १८ सेंमी लांब होतं, त्याला ३० सेंमी खोल माती द्या. शांटने प्रकार आखूड आणि खांद्याला जाड असतो, त्याला २५ सेंमी पुरते. गोल, लिंबाएवढ्या गाजरांचे प्रकार १५-२० सेंमीतही होतात. इम्परेटरसारखे लांबलचक प्रकार कुंडीत लावूच नका. प्रकार पाकिटावर लिहिलेला असतो, तो वाचून मगच भांडं निवडा.

माती अशी करा:

१. दोन भाग बागेची माती ५-६ मिमी छिद्रांच्या चाळणीतून चाळून घ्या. चाळणीत उरलेले खडे, मुळं, ढेकळं बाजूला काढा.
२. त्यात एक भाग जाडसर वाळू घाला. समुद्राची वाळू नको, तिच्यातलं मीठ रोपांना मारतं.
३. एक भाग पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत घाला. हाताला काळं, भुसभुशीत लागलं पाहिजे आणि वास ओल्या मातीचा आला पाहिजे.
४. माती मुळातच चिकण असेल तर तिचा एक भाग कमी करून तेवढं भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घाला.
५. भांडं काठापासून तीन सेंमी खालपर्यंत भरा, भरपूर पाणी द्या आणि दोन-तीन दिवस तसंच ठेवा. माती खाली बसेल. बसली तेवढी पुन्हा भरा.

पाचवी पायरी बहुतेकांकडून राहून जाते. माती बसण्याआधीच बी पेरलं की नंतर पाण्याबरोबर पृष्ठभाग खचतो, काही बी खोल जातं, काही उघडं पडतं.

खड्यांचा एवढा बाऊ का, ते सांगतो. गाजराचं सोटमूळ जाड होण्याआधी सरळ खाली धावतं. पहिल्या काही आठवड्यांतच त्याची लांबी आणि आकार ठरून जातो, जाडी नंतर भरते. या धावण्यात टोकाला खडा लागला, ढेकूळ लागलं किंवा ताज्या शेणाचा गोळा लागला, की टोक मरतं आणि बाजूची मुळं पुढे सरसावतात. तेच ते चार पाय. तीन महिन्यांनी दिसणारी चूक पहिल्या महिन्यात झालेली असते.

सावधान: ताजं किंवा अर्धवट कुजलेलं शेणखत गाजराला देऊ नका. युरिया तर नाहीच. नत्र जास्त झालं की पाला जोमदार येतो आणि मुळावर बारीक केसांसारखी तंतुमुळं माजतात.

तपासा: साधी पेन्सिल दोन बोटांत धरून ओल्या मातीत सरळ दाबा. जोर न लावता पूर्ण आत गेली तर माती तयार. मध्येच अडली तर कुंडी रिकामी करून माती पुन्हा चाळा. कंटाळवाणं आहे, पण याला दुसरा उपाय नाही.

टप्पा ३: बी जिवंत आहे का?

गाजराचं बी नीट साठवलं तर तीनेक वर्षं टिकतं, तरी दर वर्षी त्यातलं थोडं मरत असतं. पाकिटावरची तारीख पाहा. मग ही चाचणी करा: ओल्या कागदी रुमालावर २० बिया पसरा, रुमालाची घडी घाला, झाकणाच्या डबीत ठेवा आणि डबी २० अंशांच्या आसपास असलेल्या जागी ठेवा. दहा ते चौदा दिवसांनी मोजा. १४ किंवा जास्त बियांना कोंब आले तर नेहमीसारखं पेरा. ८ ते १३ आले तर दुप्पट दाट पेरा. त्याहून कमी आले तर नवीन पाकीट आणा.

ही चाचणी माती बसत असतानाच लावून टाका, तेवढेच दोन-तीन दिवस वाचतील. चाचणीतल्या कोंबांचा मोह मात्र सोडा. ते उचलून कुंडीत लावले तर मुळाचं टोक दुखावतंच.

टप्पा ४: पेरणी

टोमॅटो-मिरचीची सवय असलेल्यांची पहिली चूक इथे होते. ते ट्रेमध्ये रोपं करतात आणि मग हलवतात. गाजराचं रोप हलवायचं नसतं. हलवताना सोटमूळ वाकतं किंवा तुटतं आणि गाजर वेडंवाकडं होतं. जिथे वाढवायचं तिथेच पेरायचं.

१. माती आदल्या रात्री किंवा पेरणीच्या तासभर आधी भरपूर भिजवा. पाणी आधी द्यायचं. पेरल्यावर झारीने ओतलं तर बी वाहून एका कोपऱ्यात जमा होतं.
२. एखाद्या काडीने अर्धा ते एक सेंमी खोल चर ओढा. दोन चरांत दहा सेंमी अंतर ठेवा.
३. बी फार बारीक असतं, एका ग्रॅममध्ये कित्येक शे. चिमटीने पेरलं तर ठिकठिकाणी ढीग पडतात. पाव चमचा बी चार-पाच चमचे कोरड्या बारीक वाळूत कालवा आणि ती वाळू चिमटीने चरात सोडा.
४. चरावर मातीऐवजी चाळलेलं कोकोपीट किंवा कंपोस्ट पसरा. माती सुकली की तिचा पापुद्रा धरतो, आणि गाजराच्या कोंबात तो फोडायची ताकद नसते.
५. तळहाताने हलकेच दाबा, म्हणजे बी ओल्या मातीला चिकटेल.
६. स्प्रेच्या बाटलीने वरचा थर भिजवा.
७. ओलं गोणपाट किंवा जाड सुती कापड मातीवर अंथरा.
८. तारीख लिहून काडी खोचा. दहावा दिवस आपल्याला विसावा दिवस वाटू लागतो.

चरात अधूनमधून मुळ्याचं बी टाकायची पद्धत आहे. मुळा चार-पाच दिवसांत उगवून ओळ दाखवतो आणि वरचा थर मोकळा करतो. वाफ्यात ते ठीक आहे. कुंडीत मुळा लवकरच गाजरावर सावली धरतो, म्हणून मी तिथे ते करणार नाही.

टप्पा ५: पहिले तीन आठवडे

सगळ्यात जास्त अपयश इथे येतं, आणि इथे फक्त एकच काम असतं: वरचा एक सेंमीचा थर सुकू न देणं. बी पाणी शोषून फुगलं, आत हालचाल सुरू झाली आणि त्यानंतर थर कोरडा पडला, तर ते बी मरतं. नंतर कितीही पाणी घाला, उपयोग नाही. खालची माती ओली आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बी खाली नाही, वर आहे.

सकाळी आणि दुपारनंतर गोणपाट उचलून बघा, स्प्रे मारा, परत अंथरा. वारं असेल तर तीनदा. मात्र चिखल करू नका. सतत पाणी साचलं तर कोवळी रोपं बुडाशी कुजून आडवी पडतात.

पाचव्या दिवसापासून रोज नीट वाकून बघा. उबदार मातीत आठवड्याभरात, थंड मातीत तीन आठवड्यांनी पहिला कोंब दिसतो: फिकट हिरव्या दोऱ्याची एक कमान, जिची दोन्ही टोकं अजून मातीत असतात. एखाद्या दिवसात ती सरळ होते आणि दोन लांब, अरुंद पानं उघडतात. कधी कधी एका पानाच्या टोकाला बियाचं तपकिरी टरफल अडकलेलं असतं. ही पानं हुबेहूब गवतासारखी दिसतात, आणि गाजराच्या रोपांची सर्वात मोठी कत्तल याच दिवसांत, तण समजून, मालकाच्याच हातून होते. कातरलेलं, झालरीसारखं खरं पान त्यानंतर येतं. ते दिसेपर्यंत चरातलं काहीही उपटू नका.

पहिली कमान दिसली की त्याच दिवशी गोणपाट काढा. एक दिवस उशीर झाला तरी रोपं पांढरट, लांबुळकी होतात आणि पडतात.

सावधान: उगवलं की नाही हे पाहायला माती उकरू नका. २१ दिवस होईपर्यंत दुसरं बी वर टाकू नका. पहिलं आणि दुसरं एकदम उगवलं की गर्दी होते आणि दोन्ही वाया जातात.

टप्पा ६: विरळणी

जीवावर येतं, पण करायचंच. पाच सेंमी उंच आणि दोन-तीन खरी पानं आलेली रोपं झाली की पहिली विरळणी: दोन रोपांत दोन-तीन सेंमी अंतर. त्यानंतर तीनेक आठवड्यांनी दुसरी: पाच सेंमी.

उपटू नका, कातरीने मातीलगत कापा. शेजारशेजारच्या रोपांची मुळं एकमेकांत अडकलेली असतात. एक उपटलं की दुसरं सैल होतं, आणि सैल झालेलं मूळ पुन्हा सरळ जात नाही. कापलेला पाला कुंडीत पडू देऊ नका. गाजरमाशीचा त्रास असलेल्या ठिकाणी त्या वासाने माशी येते, तिथे पेरणीपासूनच बारीक जाळी लावलेली बरी.

दुसऱ्या विरळणीत निघणारी बोटाएवढी गाजरं खाता येतात. त्यांची चव पाहून मुळांचं चाललंय कसं हेही कळतं.

टप्पा ७: मुळं भरताना

आता पाण्याची पद्धत उलटी करा. रोज थोडं थोडं नको. वरचे दोन सेंमी कोरडे लागले की कुंडीच्या तळातून पाणी निघेपर्यंत द्या आणि मग थांबा. वरवरच्या पाण्याने मूळ वरच घुटमळतं.

थोडं कमी-जास्त झालेलं गाजर सहन करतं, झटका सहन करत नाही. आठवडाभर कोरडं आणि मग एकदम भरपूर पाणी मिळालं की आतला गर सालीपेक्षा वेगाने फुगतो आणि गाजर उभं तडकतं. गावाला जाताना कुंडी सावलीत सरकवा, मातीवर वाळलेल्या पाल्याचं आच्छादन टाका, आणि परत आल्यावर पाणी दोन हप्त्यांत द्या.

गाजराचा खांदा मातीवर डोकावू लागला की त्याला मातीची भर द्या. ऊन लागलेला भाग हिरवा होतो आणि कडवट लागतो. हे काम दोन मिनिटांचं आहे.

गाजर दोन वर्षांचं झाड आहे: पहिल्या वर्षी मूळ, दुसऱ्या वर्षी फूल. मात्र बऱ्यापैकी वाढलेल्या रोपांना काही आठवडे १० अंशांखालची थंडी मिळाली तर काही रोपं पहिल्याच हंगामात फुलाचा दांडा काढतात. दांडा कापून मूळ वाचत नाही, ते आतून लाकडासारखं होतं. असं रोप दिसताक्षणी उपटा.

टप्पा ८: काढणी आणि साठवण

पानं किती मोठी झाली यावरून ठरवू नका. खांद्याजवळची माती बोटाने बाजूला करा. व्यास दोन सेंमी किंवा जास्त असेल तर काढायला हरकत नाही. आधी एकच काढून बघा. बाकीची पंधरा दिवस थांबली तर वजन वाढेल, पण फार थांबलात तर मधला गाभा कडक होईल आणि किसताना हाताला कळेल.

काढण्याच्या काही तास आधी पाणी द्या. पाल्याच्या अगदी बुडाशी धरा, किंचित पिळा आणि सरळ वर ओढा. वरच्या पाल्याला धरून ओढलं तर हातात फक्त पाला येतो.

काढल्या काढल्या पाला तोडा, एक-दोन सेंमी देठ राहू द्या. पाला तसाच ठेवला तर तो मुळातलं पाणी ओढून घेतो आणि दुसऱ्या दिवशी गाजर वाकतं. धुऊ नका, माती झटका, किंचित ओल्या कापडात गुंडाळून फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. सफरचंद, नासपती, पिकलेली केळी शेजारी नकोत. त्यांच्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने गाजर कडवट होतं, आणि तो कडवटपणा केकच्या साखरेनेही झाकत नाही.

आखूड, वाकडी, दोन पायांची, तडकलेली गाजरं वेगळी काढा. गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली. इथे किसून खायची. सरळ गाजरं कच्ची खायला ठेवा, केकला आकाराशी देणंघेणं नाही.

टप्पा ९: केकची मांडणी

२० सेंमी व्यासाच्या, किमान ५ सेंमी उंच गोल टिनसाठी:

- मैदा २०० ग्रॅम
- बेकिंग पावडर १ चमचा (५ मिली मापाचा, सपाट)
- खायचा सोडा अर्धा चमचा
- मीठ अर्धा चमचा
- दालचिनीपूड दीड चमचा, जायफळ पाव चमचा
- अंडी ३
- ब्राउन शुगर १८० ग्रॅम
- वास नसलेलं तेल १५० मिली
- गाजराचा किस २२५ ग्रॅम
- अक्रोड ६० ग्रॅम, कोरडे भाजून, जाडसर तोडून

अंडी नको असतील तर त्यांच्या जागी १८० ग्रॅम घट्ट दही घ्या आणि सोडा पाऊण चमचा करा. केक थोडा कमी फुगेल आणि जरा दाट होईल.

तेलाच्या जागी लोणी घालायचा मोह होतो. लोणी थंडीत घट्ट होतं, तेल पातळच राहतं, त्यामुळे तेलाचा केक दुसऱ्या दिवशीही मऊ लागतो. इथे तेलच ठेवा.

अंडी आणि दही फ्रीजमधून तासभर आधी बाहेर काढा. ओव्हन १७० अंशांवर लावा (पंखा चालू असेल तर १५५), जाळी मधल्या खणात. टिनला तळाशी बटर पेपर लावा, कडांना तेल पुसा. ओव्हनचा दिवा विझला म्हणजे तो आतून तापला असं नाही, आणखी दहा मिनिटं द्या.

तपासा: मिश्रण करायच्या आधी टिन तयार आहे, ओव्हन तापतोय, सगळं वजन झालंय. ओलं लागताच सोडा काम सुरू करतो. मिश्रण ओट्यावर वाट बघत राहिलं तर त्याचा वायू तिथेच निघून जातो.

टप्पा १०: किस

गाजरात जवळपास ८८ टक्के पाणी असतं. २२५ ग्रॅम किस म्हणजे त्यातलं दोनशेच्या आसपास पाणीच. केक ओला राहणार की गच्च, ते याच टप्प्यावर ठरतं.

१. गाजरं आत्ता धुवा, सोला, हिरवा भाग पूर्ण कापून टाका, कोरड्या फडक्याने पुसा.
२. किसणीची मधली छिद्रं वापरा. जाड किस केकमध्ये कच्चा, दोऱ्यासारखा राहतो. अगदी बारीक किसला तर लगदा होतो आणि सगळं पाणी एकदम सुटतं. मिक्सरमध्ये फिरवणं म्हणजे लगदाच.
३. किसल्यावर वजन करा, आधी नाही. वाटीने मोजू नका, दाबून भरलेली वाटी आणि सैल वाटी यांत बराच फरक पडतो.
४. मूठभर किस घेऊन दाबा. बोटांमधून एखाद-दुसरा थेंब आला तर तसाच वापरा. धार लागली तर फडक्यात घेऊन एकदा हलकेच दाबा. नुकत्याच काढलेल्या गाजरांना याची गरज पडू शकते.

सावधान: किस कोरडाठाक पिळू नका. मग केक भुगा होतो. तसंच वेळ वाचवायला आधीच किसून साखर घालून ठेवू नका. साखर पाणी बाहेर खेचते आणि वीस मिनिटांत भांड्याच्या तळाशी गाजराचा रस जमतो.

टप्पा ११: मिश्रण

१. मैदा, बेकिंग पावडर, सोडा, मीठ, मसाले एकत्र करून दोनदा चाळा. सोड्याची गुठळी राहिली तर तिथे साबणासारखी चव येते.
२. दुसऱ्या भांड्यात अंडी आणि साखर दोन-तीन मिनिटं फेटा, मिश्रण फिकट आणि थोडं दाट होईपर्यंत.
३. फेटत असतानाच तेल बारीक धारेने सोडा. एकदम ओतलं तर वर तवंग तरंगतो.
४. अक्रोड चमचाभर मैद्यात घोळवून घ्या, म्हणजे तळाशी बसणार नाहीत.
५. कोरडं मिश्रण दोन वेळा घालून चमच्याने वरखाली करत मिसळा. पांढऱ्या रेघा दिसेनाशा झाल्या की थांबा.
६. शेवटी किस आणि अक्रोड. सात-आठ वेळा वरखाली केलं की पुरे.

पाचव्या पायरीनंतर मिश्रण घट्ट वाटतं आणि हात दुधाच्या भांड्याकडे जातो. दूध घालू नका. ओलावा किसात आहे, तो भाजताना सुटेल. मधला गोळा बहुतेक वेळा या दोन चमचे दुधामुळेच होतो.

टप्पा १२: भाजणं

टिन दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. ४५ ते ५५ मिनिटं लागतात. पहिली ३५ मिनिटं दार उघडू नका. मधला भाग तोवर पातळ असतो, आणि थंड हवा आत शिरली की तो खाली बसतो. चाळीस मिनिटांना वरचा रंग गडद वाटला तर फॉइल सैल पांघरा.

तपासा: मधोमध टूथपिक खुपसा. त्यावर ओला लगदा आला तर आणखी सात मिनिटं. एक-दोन ओलसर कण चिकटले तर केक झाला. पण टूथपिक गाजराच्या तुकड्यात घुसली तर उगाच ओली येते, म्हणून दोन ठिकाणी बघा. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९६ ते ९८ अंश.

बिघडलंच तर खुणा वाचा. मध्ये खळगा आणि खाली ओला थर असेल तर केक कमी भाजला गेला किंवा पाणी जास्त झालं. वर मोठा फुगवटा आणि भेग असेल तर ओव्हन जास्त गरम आहे. रबरासारखा झाला असेल तर मैदा घातल्यावर फार घोटला गेला. नीट फुगला पण चव साबणासारखी, तर सोडा जास्त किंवा न चाळलेला.

टप्पा १३: थंड करणं

टिनमध्येच पंधरा मिनिटं, मग जाळीवर उलटा करा आणि बटर पेपर काढा. टिनमध्ये तासभर राहिला तर वाफ तळाशी पाणी होऊन बसते. पूर्ण थंड व्हायला दीड-दोन तास लागतात. त्याआधी कापला तर कच्चा असल्याचा भास होतो, आणि लोक तो परत ओव्हनमध्ये ढकलून सुकवून टाकतात.

वर क्रीम चीजचा थर द्यायचा असेल तर केक हाताला जराही कोमट लागता कामा नये. २०० ग्रॅम क्रीम चीज, ५० ग्रॅम मऊ लोणी, ६० ग्रॅम पिठीसाखर, बस. जास्त फेटलं की क्रीम चीज पातळ होतं. हा थर दिलेला केक फ्रीजमध्ये ठेवा आणि खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढा.

थर न दिलेला केक घट्ट झाकणाच्या डब्यात दोन दिवस बाहेर राहतो. हवा दमट असेल तर दुसऱ्या दिवसापासून फ्रीजमध्येच. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या दिवसापेक्षा चांगला लागतो, तेव्हा पाहुण्यांसाठी आदल्या दिवशी करा. काप करून, एकेक वेगळा गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवला तर दोनेक महिने टिकतो.

रिकाम्या झालेल्या कुंडीत लगेच पुन्हा गाजर पेरू नका. ती माती मेथी किंवा पालकाला द्या आणि गाजराचं पुढचं बी दुसऱ्या कुंडीत, ताज्या चाळलेल्या मातीत. सतत गाजरं हवी असतील तर दोन पेरण्यांत तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. पाकिटात उरलेलं बी घट्ट झाकणाच्या बाटलीत, कोरड्या थंड जागी ठेवा आणि बाटलीवर वर्ष लिहा.